वाचून दाखविले, बरोबर आहे?



तालुक्याच्या कचेरीत, दुय्यम निबंधकाच्या टेबलावर, पोलीस ठाण्यात आणि पतसंस्थेच्या खिडकीपाशी जेवढे म्हणून कागद तयार होतात, त्यांपैकी बहुतेकांच्या शेवटी एक ठराविक ओळ असते. वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला आणि तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, अशा अर्थाची ती ओळ. तिच्याखाली 'निशाणी डावा अंगठा' असे लिहून एक निळा ठसा उमटविलेला असतो, किंवा कशीबशी जुळवलेली चार अक्षरांची सही असते. वकिलीच्या व्यवसायात गेली वीस वर्षे मी हे कागद हाताळीत आलो आहे, आणि माझे असे स्पष्ट मत झाले आहे की ह्या ओळीइतके खोटे दुसरे कोणतेही वाक्य आपल्या राज्यात लिहिले जात नसेल. पुष्कळदा मजकूर कोणी वाचून दाखविलेला नसतो. दाखविला असला तर तो इतक्या घाईने की ऐकणाऱ्याच्या कानावर नुसते शब्द पडावेत. आणि 'मला समजले नाही, पुन्हा वाचा' असे चारचौघांत म्हणण्याची लाज आपल्याच माणसाला वाटते. ज्याने वाचले नाही त्याला मात्र वाटत नाही!

कायदा अंगठ्याला कमी लेखीत नाही, हे प्रथम नीट समजून घ्या. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाने, ज्याला आपले नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत 'सही' ह्या शब्दात 'निशाणी'चा समावेश केलेला आहे. म्हणजे बॅरिस्टराची सही जेवढी बंधनकारक, तेवढाच शेतमजुराचा अंगठाही बंधनकारक. आता तर नोंदणी कायद्यात २००१ साली झालेल्या दुरुस्तीमुळे खरेदीविक्रीच्या दस्तावर शिकल्यासवरल्या माणसालाही छायाचित्र चिकटवून बोटांचे ठसे द्यावे लागतात. तेव्हा अंगठा उमटविण्यात कसलीही अप्रतिष्ठा नाही. ठशाच्या वर काय लिहिले आहे ते ठसा देणाऱ्याला ठाऊक नसते, अनर्थ त्यात आहे.

ह्याचे एक उदाहरण माझ्याकडे आलेल्या प्रकरणांतूनच देतो. एका वृद्ध विधवेला गावातील एका दलालाने निराधार अनुदानाचे कागद म्हणून काही कागदांवर अंगठे द्यावयास सांगितले. ते कागद म्हणजे तिच्या दीड एकर जमिनीचे कुलमुखत्यारपत्र होते. त्या मुखत्यारपत्राच्या जोरावर पुढे खरेदीखत झाले. तलाठी कार्यालयातून फेरफाराची नोटीस आली, ती तिने जपून आढ्याला खोचून ठेवली. हरकत घेण्याची पंधरा दिवसांची मुदत तेथेच, त्या आढ्याला टांगलेल्या स्थितीत, संपली. ह्या हकिकतीतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट दलालाची लबाडी ही नव्हे. लबाड माणसे सर्वत्र असतात. तिचा नातू त्या वेळी नववीत शिकत होता, त्याच छपराखाली झोपत होता, आणि ती नोटीस त्याच्या हातात कोणीही दिली नाही. 'सरकारी कागद आहे, पोराला त्यातले काय कळणार?' असे म्हणून ती तशीच राहिली. दिवाणी दावा दाखल होऊन आज सहा वर्षे झाली. तो अजून उभाच आहे.

फसवणुकीने करून घेतलेला दस्त रद्द करता येतो, ही गोष्ट खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर पूर्वीच पडदानशीन आणि अशिक्षित स्त्रियांच्या दस्तांबाबत असा निर्वाळा दिला की, मजकूर त्यांना समजला होता हे सिद्ध करण्याचा भार त्या दस्तावर हक्क सांगणाऱ्यावर असतो. पण हा दिलासा किती अंतरावर आहे ते पाहा. फसवणूक उघडकीस आल्यापासून तीन वर्षांत दावा लावला पाहिजे. तो लावण्यासाठी वकील पाहिजे, साक्षीदार पाहिजेत, तारखांना जाण्यासाठी रोजगार बुडविण्याची ताकद पाहिजे. शिवाय लेखी कराराच्या अटींविरुद्ध तोंडी बोलीचा पुरावा सामान्यतः चालत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. 'त्याने मला तोंडी असे सांगितले होते' हे वाक्य मी आजवर शेकडो पक्षकारांच्या तोंडून ऐकले. न्यायालयात त्याची किंमत फार थोडी.

आपण ह्या स्थितीला का आलो, हे कोणी आपणास सांगावे अशी गरज नाही. तरीही नव्या पिढीने दोनचार सनावळ्या पाठ करून ठेवाव्यात. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला, आणि कारण असे दिले की एका मुलासाठी बाकीचे सारे विद्यार्थी निघून जातील व शाळा निरुपयोगी होईल. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५५ साली, पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी महारमांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहीत होती आणि तो 'ज्ञानोदया'त छापला जात होता. सरकारच्या दारात जो मुलगा नको होता, त्याच्याच बरोबरीच्या जातीतील एका मुलीने अक्षर हाती येताच पहिला उपयोग केला तो फिर्याद लिहिण्यासाठी!

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे मागणी केली की बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कायदेमंडळात फेटाळले गेले. शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. राज्यघटनेने १९५० साली दहा वर्षांची मुदत घालून सर्व बालकांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली. ती मुदत टळून गेली. पुढे २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. फुल्यांच्या मागणीपासून ह्या तारखेपर्यंत एकशे अठ्ठावीस वर्षे होतात. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर होते त्यांना ह्या विलंबाने काहीच तोटा झाला नाही. तोटा कोणाचा झाला हे तुमच्या घरातील जुने दस्त उघडून पाहा.

वतनाच्या जमिनी तर ह्याची जिवंत साक्ष आहेत. महार वतनाच्या गुलामगिरीतून समाजाला सोडविण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. वतने प्रत्यक्षात नाहीशी झाली ती १९५८ च्या मुंबई कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन अधिनियमाने. त्या कायद्याने वतनी जमीन आकार भरून घेऊन पूर्वीच्या वतनदारांस परत दिली, पण नव्या व अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय तिचे हस्तांतरण करता येत नाही. ही शर्त आपल्या संरक्षणासाठी होती. तुमच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे शब्द लिहिलेले असतील तर त्यांचा अर्थ हा आहे. किती घरांत तो उतारा काढून, मोठ्याने वाचून, त्या शब्दांचा अर्थ मुलाबाळांना सांगितला गेला आहे? शर्तीची जमीन साठेखतावर, विसारपावतीवर, मुखत्यारपत्रावर गेली आणि मालकाला कळले ते बांधावर तारेचे कुंपण पडल्यावर, अशी प्रकरणे मी स्वतः चालविली आहेत. विकत घेणारे मात्र ती शर्त अक्षरशः वाचून आलेले होते.

आता येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. साक्षरतेचा आग्रह धरताना निरक्षराचा अधिकार कमी लेखण्याची चूक आपल्यापैकी कोणी करता कामा नये. ज्या काळी मत देण्याचा हक्क मालमत्तेवर आणि शिक्षणावर मोजला जात होता, त्या काळी सायमन आयोगापुढे बाबासाहेबांनी सर्व प्रौढांना मताधिकार मागितला होता. निरक्षरता हे हक्क नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण ती त्या माणसाची निवड नव्हे, त्याच्यावर लादलेली स्थिती आहे. आणि तरीही २०१५ साली हरियाणा राज्याने पंचायतीची निवडणूक लढविण्यासाठी शालेय परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट घातली, आणि त्याच वर्षी १० डिसेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'राजबाला' प्रकरणात ती वैध ठरविली. अनुसूचित जातींच्या उमेदवारांना त्यात थोडी सवलत ठेवली होती, एवढेच. न्यायालयाचा निर्णय म्हणून मी त्यापुढे मान तुकवितो, पण तो मला पटलेला नाही. ज्या राज्याने शाळा दिली नाही त्यानेच शाळेचा दाखला मागावा आणि तो नाही म्हणून दार लावून घ्यावे, ह्याला न्याय म्हणणे कठीण आहे. राजस्थानने अशीच अट घातली होती. ती २०१९ साली रद्द केली. तेव्हा घरातील निरक्षर आजीला कोणी हिणवील तर त्याला प्रथम हा इतिहास सांगा. तिच्याकडून वाचन हिरावून घेतले गेले होते. ते तिला परत मिळवून देणे हा न्यायाचा भाग आहे, दयेचा नव्हे.

"आपला समाज तर शिक्षणात पुढे आहे," असे उत्तर आपल्या सभांतून नेहमी ऐकू येते. आकडेही दिले जातात. २०११ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के होती आणि सर्व देशाची ७२.९८ टक्के. ह्याचा अभिमान मलाही आहे. पण त्याच जनगणनेत बौद्ध स्त्रियांची साक्षरता ७४.०४ टक्के आहे. म्हणजे सात वर्षांवरील चार बौद्ध स्त्रियांमागे एक निरक्षर! त्यानंतरची जनगणना २०२१ साली व्हावयाची ती वेळेवर झाली नाही, म्हणून ह्याच आकड्यावर बोलणे भाग आहे. आणखी असे की, कोणत्याही एका भाषेत समजून वाचता व लिहिता येणे अशी जनगणनेची साक्षरतेची व्याख्या आहे. नुसते वाचता येऊन भागत नाही, नुसती सही तर मुळीच नाही. परंतु प्रगणक दारात उभा राहून विचारतो. परीक्षा घेत नाही. 'होय, साक्षर' असे घरच्या कर्त्या पुरुषाने सांगितले की रकाना भरला. सही गिरवून शिकलेली आपली एखादी भगिनी त्या रकान्यात साक्षर झाली असेल, पण पतसंस्थेच्या कागदापुढे ती आजही निरक्षर आहे.

मुलांविषयीही फार निश्चिंत राहू नका. 'असर' ह्या नावाने ग्रामीण भागात जी पाहणी होते, तिच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी केवळ ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. अर्ध्याहून अधिक मुले पाच वर्षे शाळेत बसली, हजेरी लागली, पोषण आहार मिळाला, वरच्या वर्गात गेली. वाचता मात्र येत नाही. हक्काचा कायदा मुलाला शाळेच्या आत आणतो. त्याच्या हातात अक्षर आले की नाही हे पाहण्यासाठी घरात कोणीतरी डोळे उघडे ठेवावे लागतात. त्याच कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असली पाहिजे, तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत, असे सांगितले आहे. तुमच्या गावच्या समितीत आपल्या वस्तीतील कोण आहे? असल्यास त्या मातेने सभेच्या इतिवृत्तावर सही केली ती वाचून केली काय? कायद्याने दिलेली जागा न वाचता केलेल्या सहीने कशी रिकामी होते, त्याचा हा नमुना आहे.

ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे त्या कुटुंबांना एका बाबतीत विशेष सावध करावयाचे आहे. शाळेत नाव घालताना जो अर्ज भरला जातो त्यात धर्माचा रकाना वेगळा आणि जातीचा वेगळा असतो. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश मुळात बहुतांशी हिंदूंपुरता होता; १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. १९९० च्या त्या दुरुस्तीमुळे बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीला केंद्राच्या सवलती मिळू लागल्या, पण त्या मिळतात त्या अनुसूचीत लिहिलेल्या जातीच्या आधारावर. जातीचे नाव लिहिताना आपल्या मनाला क्लेश होतात हे मी जाणतो, माझेही होतात. तरीही तो रकाना उत्साहाच्या भरात रिकामा सोडला, किंवा दुसऱ्याच कोणी काहीबाही लिहिले, तर पुढे जात पडताळणी समितीपुढे त्याच मुलाला वर्षानुवर्षे खेपा घालाव्या लागतात, कारण शाळेच्या नोंदवहीतील नोंद हा तेथला महत्त्वाचा पुरावा असतो. शाळा सोडल्यावर ती बदलून घेणे अतिशय जड जाते. तो अर्ज शिपायाकडून भरून घेऊ नका. स्वतः वाचा, दाखला हातात पडताच तेथेच उभे राहून पुन्हा वाचा.

हीच गोष्ट पोलीस ठाण्याची. अन्याय झाला म्हणून आपला माणूस ठाण्यात जातो आणि तोंडी हकिकत सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ती हकिकत लिहून घेऊन फिर्याद देणाऱ्याला वाचून दाखविली पाहिजे, तीवर त्याची सही घेतली पाहिजे आणि प्रत विनामूल्य दिली पाहिजे. अत्याचार प्रतिबंधाच्या १९९५ च्या नियमांतही हेच बंधन आहे. पण घडते काय? जातीचे नाव घेऊन, चारचौघांच्या देखत अपमान केला असे सांगितलेले असते. कागदावर येते 'शिवीगाळ व दमदाटी केली'. १९८९ च्या कायद्याखाली अशा अपमानाचा गुन्हा ठरण्यासाठी, तो लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी झाला, हे महत्त्वाचे असते. ते दोन शब्द गळले की पुढे मोठमोठे वकील उभे करूनही खटला लंगडाच चालतो. ज्याला वाचता येते तो सही करण्यापूर्वी म्हणू शकतो, 'हवालदारसाहेब, मी सांगितले ते येथे नाही.' ज्याला येत नाही त्याला 'वाचून दाखविले, बरोबर आहे' हीच ओळ बांधून टाकते.

आणि स्त्रियांच्या बचत गटांविषयी काय सांगावे? कर्जाच्या कागदावर एकीसाठी दुसरी सही करते. जामीनदाराची जबाबदारी कायद्याने ऋणकोइतकीच असते, हे करार कायद्याचे तत्त्व १८७२ पासून आहे. ते त्यांना कोणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सूक्ष्म कर्जांविषयी जे निर्देश काढले त्यांत कर्जाची माहिती देणारे पत्रक आणि कर्जकार्ड ऋणकोला समजेल अशा भाषेत दिले पाहिजे असे लिहिले आहे. म्हणजे व्याज किती, हप्ता किती, तक्रार कोठे करावयाची, हे मराठीत छापून घरात येऊन पडलेले असते. बाकीची तर गोष्टच सोडा; औषधाच्या पाकिटावरील मुदत, विजेच्या बिलावरील युनिट, शिधापत्रिकेवरील माणसांची संख्या, ही रोजची अक्षरे आहेत. एकट्या कोरड्या सहीवर जगणाऱ्या माणसाला ती सारी दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावी लागतात.

काही शिकलेली मंडळी म्हणतात, "आता वाचायची गरजच काय? फोन सर्व बोलून दाखवितो." हे विधान मला फार धोक्याचे वाटते. फोन बोलतो ते ऐकून विरून जाते. कागद मात्र राहतो, आणि उद्या न्यायालयात येतो तो कागद. शिवाय फोनच्या त्याच पडद्यावर, लांबलचक मजकुराच्या तळाशी, 'मला मान्य आहे' अशी एक कळ असते. ती दाबणे म्हणजे आजचा अंगठाच होय. फरक इतकाच की पूर्वी शाई बोटाला लागत असे आणि घरी आल्यावर कोणी विचारी, 'काय रे, कशावर अंगठा देऊन आलास?' आता बोट स्वच्छ असते. कोणी विचारीतही नाही.

दुसरे एक मोठेपण आपल्यात नव्याने आले आहे, ते इंग्रजी शाळांचे. मुलाने इंग्रजी जरूर शिकावे. बाबासाहेबांच्या ग्रंथांसाठीसुद्धा शिकावे. पण नववीतल्या मुलाला सातबारा, फेरफार, फिर्याद आणि दिवाणी समन्स वाचता येत नाही, कारण ते मराठीत आहे, ह्याचे कौतुक करणारे आईबाप मी पाहिले आहेत. सरकारी कारभाराची आणि तालुका न्यायालयाची भाषा मराठी आहे. घराची फी इंग्रजीवर खर्च करून घराचे कागद वाचणारा कोणीच उरला नाही, तर हा शहाणपणाचा सौदा नव्हे.

माझ्या व्यवसायबंधूंनाही मी ह्यातून वगळीत नाही. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या प्रतिज्ञापत्रावर पक्षकाराच्या सह्या घेऊन ठेवण्याची वाईट चाल आमच्यात आहे. पक्षकार विश्वासाने करतो, आणि 'वकीलसाहेब आहेत ना' असे म्हणतो. कोऱ्या धनादेशाबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्टच केले की स्वखुशीने सही करून दिलेला कोरा धनादेश दुसऱ्याने भरला तरी कायद्याचे गृहीतक सही करणाऱ्याविरुद्धच जाते. म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात तरी माझ्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. ज्या वकिलाला ह्याचा राग येईल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

आपण धम्म स्वीकारला तेव्हा काय सोडले, ह्याचा क्षणभर विचार करा. पोथी दुसऱ्याने वाचावयाची, अर्थ दुसऱ्याने सांगावयाचा, दक्षिणा आपण द्यावयाची आणि मान डोलवावयाची, ही परंपरा आपण सोडली. केसपुत्त येथे कालामांना तथागतांनी जो उपदेश केला त्याचा आशयच हा आहे की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका. स्वतः पारखून घ्या. भटाच्या हातातून पोथी गेली. परंतु तहसील कचेरीच्या आवारात टेबल मांडून बसलेल्या दलालाच्या हातात आपण आपला सातबारा स्वखुशीने दिला आहे. तो वाचतो, तो अर्थ सांगतो, आपण मान डोलवितो. दक्षिणेचे नाव तेवढे 'खर्चापाणी' असे झाले आहे. आणि विहारात तरी काय? वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाचे वाचन आपण करतो, ही फार चांगली प्रथा आहे. पण वाचतो तो एकच, वर्षानुवर्षे तोच. बाकीचे शंभर लोक हात जोडून ऐकतात. ज्या ग्रंथाच्या लेखनासाठी बाबासाहेबांनी आजारी शरीराने अखेरच्या दिवसांपर्यंत कष्ट घेतले, त्याचीही आपण ऐकण्याची पोथी करून ठेवावी काय?

"ह्या वयात आता काय शिकणार?" असे म्हणणाऱ्या वडिलधाऱ्यांनी ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाकडे पाहावे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या स्त्रिया पाटी-दप्तर घेऊन तिच्यात बसू लागल्या. त्याही पूर्वी, १९५९ साली, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली होती आणि गावेच्या गावे प्रौढांना अक्षरे शिकविण्यासाठी कंदील घेऊन बसली होती. आज केंद्र सरकारचा 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे. तो स्वयंसेवकांवर चालतो. तुमच्या वस्तीत महाविद्यालयात जाणारी मुले-मुली आहेत. जयंतीच्या मिरवणुकीला वर्गणी गोळा करताना त्यांना घरोघर जाता येते, तर त्याच घरात आठवड्यातून तीन संध्याकाळी पाटी घेऊन बसता येत नाही काय? मिरवणुकीच्या ध्वनिक्षेपकांवर होणाऱ्या खर्चाचा मी येथे हिशेब मांडीत नाही. तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

म्हणून येत्या आषाढ पौर्णिमेपासून प्रत्येक विहाराने एवढे करावे. ग्रंथवाचन एकाच्या मुखाने न करता पाळीपाळीने करावे. ज्याला अडखळत वाचता येते त्याने अडखळत चार ओळी वाचाव्यात, आणि कोणी हसू नये. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी वाचनानंतर अर्धा तास वर्ग भरवावा. त्या वर्गात बालभारतीतील धड्यांपासून सुरुवात करण्याची गरज नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घरातला एक कागद आणावा. सातबारा, कर्जकार्ड, विजेचे बिल, आढ्याला खोचलेली नोटीस, जे हाती लागेल ते. त्यावर आपले नाव कोठे आहे ते प्रथम शोधावे. मग नावाच्या वरची ओळ वाचावी, मग त्याच्या वरची. आणि एखाद्या कागदावर तारीख घातलेली मुदत आढळली, तर वर्ग तेथेच थांबवून त्याच रात्री त्या माणसाला वकिलाकडे घेऊन जावे.